मुलांची उमेदवारी : शेतकरी पालकांनीं काय पाहावें

हल्लीं शेतकऱ्यांच्या घरचीं मुलें-मुली मोठ्या संख्येनें महाविद्यालयांत जाऊं लागलीं आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पदवी हातीं आल्यावर पुढें काय, या प्रश्नापाशीं येऊन पुष्कळ घरें थबकतात. मुलगा जिल्ह्याच्या गांवीं खोली घेऊन स्पर्धा-परीक्षेच्या तयारीस बसतो. एक वर्ष जातें, चार वर्षें जातात. बाप दर हंगामास पैसे पाठवीत असतो. आणि वय उलटूं लागलें म्हणजे मुलगा घरीं परततो, तो कचेरीच्या कामास नवखा आणि शेतीच्या कामासहि नवखा. कांहीं घरीं तर "नोकरी लावून देतों" अशा बोलीवर शेताचा तुकडा गहाण पडतो किंवा विकला जातो. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. जमीन कां विकली हें खरेदीखतांत लिहिलेलें नसतें. परंतु नोंदीसाठीं आलेला मनुष्य तें बोलून दाखवितोच. मुलाच्या नोकरीची सोय, हें कारण अलीकडे आम्हीं वारंवार ऐकिलें. म्हणूनच हा विषय शेतीच्या मासिकांत मांडणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

या मोठ्या प्रश्नाच्या एकाच अंगाचा विचार येथें करावयाचा आहे. शिक्षण चालू असतां, किंवा तें संपतांच, प्रत्यक्ष कामाच्या जागीं राहून काम शिकणें, यास महाविद्यालयांत इंटर्नशिप म्हणतात व कारखान्यांत अप्रेंटिसशिप म्हणतात. हीं नांवें नवीं असलीं तरी वस्तु जुनीच आहे. आपल्याकडे तिला उमेदवारी म्हणत.

उमेदवारी म्हणजे काय

पूर्वीं मामलेदार कचेरींत तरुण मुलें जुन्या कारकुनाच्या शेजारीं बिनपगारी बसत. नकला कराव्या, दप्तर बांधावें, बेरजा ताडून पाहाव्या, असें करतां करतां त्यांचा हात बसे. आणि एखादी जागा रिकामी झाली म्हणजे त्यांतील एखाद्याची नेमणूक होई. त्यांस उमेदवार हेंच नांव होतें. सुताराच्या व लोहाराच्या नेहावर मुलगा शिकत असे, तो असाच. या चालींत दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली, शिकविणारा मनुष्य शेजारीं हजर असे. दुसरी, जागा मिळेलच असें वचन कोणी देत नसे. मिळेल अशी उमेद असे, इतकेंच.

शिक्षण आणि हातचें काम यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि 'कमवा व शिका' या मार्गानें गरीब शेतकऱ्यांच्या अनेक मुलांस उच्च शिक्षणापर्यंत नेलें. काम केल्यानें विद्येस उणेपणा येतो ही समजूत त्यांनीं खोटी ठरविली. आजची उमेदवारी हा त्याच वाटेचा पुढील टप्पा समजावा.

आपल्या दारीं येणारी उमेदवारी

उमेदवारी चांगली कोणती व निरुपयोगी कोणती, हें समजण्यास शेतकऱ्याला शहरांत जाण्याची गरज नाहीं. कृषि महाविद्यालयांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी दर वर्षीं गांवोगांव येतात. त्यांस आपण कृषिदूत व कृषिकन्या म्हणतों. राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चारहि कृषि विद्यापीठांच्या महाविद्यालयांत ग्रामीण कृषि कार्यानुभव हा अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग आहे. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या पांचव्या अधिष्ठाता समितीनें जो आराखडा घालून दिला, त्यांत यासाठीं एकंदर २० आठवडे राखलेले असून त्यांपैकीं सुमारें ८ आठवडे गांवांत, शेतकऱ्याच्या सान्निध्यांत घालवावयाचे आहेत. बाकीचा काळ कृषि विज्ञान केंद्र किंवा संशोधन केंद्र, रोगकिडींचें निदान आणि शेतीशीं संबद्ध कारखाना यांत वांटलेला आहे. म्हणजे ज्या शेतकऱ्याकडे हे विद्यार्थी येतात, तो शेतकरी त्यांच्या उमेदवारीपुरता त्यांचा गुरु ठरतो.

आतां प्रत्यक्षांत काय घडतें तें वाचकांनीं पाहिलेंच असेल. विद्यार्थी येतात, बीजप्रक्रियेचें प्रात्यक्षिक करून दाखवितात, फलक धरून छायाचित्र काढतात, वहीवर शेतकऱ्याची सही घेतात आणि जातात. कांहीं विद्यार्थी मात्र पेरणीपासून कोळपणीपर्यंत बांधावर येत राहतात, खर्च लिहून घेतात, आणि जातांना शेतकऱ्याच्या हातीं उपयोगाचा कागद ठेवून जातात. दोघांसहि गुण मिळतात. पण शिकला तो दुसराच.

हा फरक पुष्कळ अंशीं शेतकऱ्याच्या हातीं असतो. विद्यार्थी आला म्हणजे त्यास आपला खरा प्रश्न सोंपवावा. घरच्या सोयाबीनचें बी पेरण्याजोगें आहे कीं नाहीं, हा प्रश्न घ्या. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावयाचे आणि मुदतीनंतर किती चांगले उगवले ते मोजावयाचे. ७० पेक्षां कमी उगवले तर तें बी नेहमींच्या प्रमाणांत पेरणें धोक्याचें. हें काम विद्यार्थ्यानें स्वतः करून आंकडा लिहून द्यावा. मातीचा नमुना घ्यावयाचा तर शेतांत नागमोडी चालून आठ-दहा जागीं वीतभर खोल खड्डे घ्यावे, त्यांची माती एकत्र करून चार भाग करीत करीत अर्ध्या किलोवर आणावी, आणि ती प्रयोगशाळेंत पोंचवून अहवालाचा अर्थ शेतकऱ्यास समजावून द्यावा. एका एकराच्या पिकाचा पेरणीपासूनचा खर्च दिवसवार टिपून ठेवणें हें तर उत्तम काम. असें काम झाल्यावरच वहीवर सही करावी. यांत शेतकऱ्याचें हित आहे आणि विद्यार्थ्याचें त्याहून अधिक आहे.

यावरून चांगल्या उमेदवारीचीं तीन लक्षणें निघतात. काम खरें असावें. शिकविणारा मनुष्य नेमलेला असावा. आणि केलेल्या कामाचा लेखी पुरावा मागें राहावा. आपला मुलगा किंवा मुलगी ज्या जागीं जाणार, त्या जागेस हींच तीन लक्षणें लावून पाहावीं.

उमेदवारीचे प्रकार

एकाच नांवाखालीं निरनिराळ्या गोष्टी चालतात व त्यामुळें पालकांचा घोटाळा होतो. म्हणून प्रकार वेगळे करून सांगतों.

पहिला प्रकार अभ्यासक्रमांतील उमेदवारीचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामास गुण देण्याची पद्धत आली, आणि विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२४ सालीं त्याविषयीं मार्गदर्शक सूचना काढल्या. साधारण हिशेब असा कीं, ३० तासांच्या कामास एक श्रेयांक. ही उमेदवारी महाविद्यालयाच्या देखरेखीखालीं, थोड्या काळाची असते. येथें पैसा मिळो वा न मिळो, गुण मिळतात. ती न केल्यास त्या श्रेयांकांची उणीव राहते.

दुसरा प्रकार कायद्याखालील शिकाऊ उमेदवारीचा. त्यासाठीं १९६१ चा शिकाऊ उमेदवारी अधिनियम आहे. आरंभीं तो मुख्यतः कारखान्यांतील कारागिरांसाठीं होता. १९७३ सालीं अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्यांत आले, आणि २०१४ च्या दुरुस्तीनें इतर शाखांच्या पदवीधरांसहि दार अधिक मोकळें झालें. २०१९ सालीं दुरुस्त झालेल्या नियमांप्रमाणें ३० किंवा त्याहून अधिक माणसें कामास असलेल्या आस्थापनेनें आपल्या एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके उमेदवार घेतलेच पाहिजेत. ४ ते २९ माणसें असतील तर घेणें ऐच्छिक आहे. याचा अर्थ असा कीं, जवळचा साखर कारखाना, दूध संघ, सूतगिरणी किंवा मोठी बँक उमेदवार घेते तेव्हां ती मेहेरबानी करीत नसते. कायद्यानें घातलेलें काम करीत असते. तेथें अर्ज करण्यास संकोच मानूं नये आणि त्यासाठीं कोणाची चिठ्ठीहि शोधीत बसूं नये.

या उमेदवारास विद्यावेतन द्यावें लागतें. २०१९ च्या नियमांनीं त्याची किमान रक्कम शिक्षणाप्रमाणें दरमहा ५,००० पासून ९,००० रुपयांपर्यंत ठरविली होती, त्यांत पदविकाधारकास ८,००० व पदवीधरास ९,००० असें मान होतें. आणि २०२५ सालीं केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेनें त्यांत ३६ टक्के वाढ करण्याची शिफारस केली. अर्ज करतेवेळीं त्या दिवसाचा दर विचारून घ्यावा. पदवीधर व पदविकाधारक यांची योजना केंद्रीय शिक्षण मंत्रालयाकडे असून पश्चिम भारतासाठीं तिचें मंडळ मुंबईस आहे. दुसरी योजना २०१६ सालीं निघाली, ती कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहे. दोहोंचीं नोंदणीचीं संकेतस्थळें निराळीं आहेत. जिल्ह्याच्या गांवीं कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असतें, तेथें व आय. टी. आय. मध्यें विचारणा केली असतां वाट कळते.

तिसरा प्रकार सरकारनें वेळोवेळीं काढलेल्या विशेष योजनांचा. केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२४ मध्यें प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना प्रायोगिक रीतीनें सुरू केली. त्या वेळच्या अटी अशा होत्या : वय २१ ते २४, मुदत १२ महिने, दरमहा ५,००० रुपये व एकवार ६,००० रुपये, कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आंत, आणि अर्जदार पूर्ण वेळ शिकत किंवा नोकरींत नसावा. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालींच मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली; तींत बारावी उत्तीर्णास ६,०००, आय. टी. आय. व पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये दरमहा, सहा महिन्यांसाठीं ठरविले होते, व पुढें मुदत वाढविण्यांत आली. अशा योजनांच्या अटी बदलतात, जागा भरतात, कांहीं योजना थांबतातहि. म्हणून गेल्या वर्षीं शेजाऱ्याच्या मुलास मिळालें, एवढ्यावर विसंबूं नये. चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी. दुसरें, ही नोकरी नव्हे. सरकारी कचेरींत कांहीं महिने बसल्यानें तेथील कायम जागेवर हक्क उत्पन्न होत नाहीं, हें मुलास आधींच स्पष्ट सांगावें. म्हणजे मुदत संपल्यावर निराशा होणार नाहीं.

चौथा प्रकार खासगी बोलीचा. एखादी पेढी, दुकान, कार्यालय किंवा संस्था आपण होऊन मुलास शिकण्यासाठीं ठेवते. यांत फार चांगल्या जागा असतात आणि फार वाईटहि असतात. येथें कायद्याचें कवच कमी, म्हणून परीक्षा अधिक कसून करावयास पाहिजे.

कोणत्या जागीं जावें

मुलगा कला शाखेंत आहे, वाणिज्य शाखेंत आहे, त्याला कारखान्यांत काय काम, असें पुष्कळांस वाटतें. परंतु दूध संघांत संकलनाचा हिशेब आहे, बाजार समितींत आवक व दरांची नोंद आहे, विकास सोसायटींत कर्जखातीं आहेत, शेतकरी उत्पादक कंपनींत खरेदी, प्रतवारी व विक्री आहे. वाणिज्याच्या विद्यार्थ्यास यांपैकीं कोणतीहि जागा चालते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यास माती परीक्षण प्रयोगशाळा, साखर कारखान्याची प्रयोगशाळा, दुधाची तपासणी; कलेच्या विद्यार्थ्यास ग्रंथालय, वृत्तपत्र, शाळा, सामाजिक सर्वेक्षण. आपल्या तालुक्यांत काय काय चालतें याची यादी करावयास बसलें, तर एक पानभर सहज होते.

वेळेचा क्रम असा ठेवावा. पहिल्या वर्षीं सुट्टींत दोन-चार जागा नुसत्या पाहून याव्या. दुसऱ्या वर्षीं एका जागीं महिनाभर काम करावें. तिसऱ्या वर्षीं, किंवा पदवी होतांच, कायद्याखालील पूर्ण मुदतीची उमेदवारी पत्करावी. दुसऱ्या वर्षीं एखादें काम आपल्या स्वभावास मानवत नाहीं असें कळलें, तर त्या महिन्याचें सार्थकच झालें. तेंच पदवीनंतर तीन वर्षांनीं कळणें महागांत पडतें. स्पर्धा-परीक्षा द्यावयाच्या असतील त्यांनीं जरूर द्याव्या. परंतु किती वर्षें, हें बापलेकांनीं आधींच बसून ठरवावें आणि मधल्या काळांत एक तरी काम हातीं घेतलेलें असावें.

करार कसा वाचावा

शेतकरी बैल घेतो तेव्हां दांत पाहतो, चालवून पाहतो, औताला जुंपून पाहतो. बियाण्याची पिशवी घेतो तेव्हां चिठ्ठीवरील उगवणशक्ति, चाचणीची तारीख व मुदत पाहतो, आणि पावती जपून ठेवतो. मुलाचें वर्षभराचें आयुष्य ज्या कागदावर बांधलें जातें, तो कागद मात्र न वाचतां सही होतो. कायद्याखालील उमेदवारींत लेखी करार करून तो नोंदवावा लागतो. खासगी जागींहि निदान एक पत्र मागून घ्यावें. त्यांत पुढील गोष्टी आहेत कीं नाहींत तें पाहावें.

१. काम कोणतें शिकविणार व शिकविणारा कोण, याचा उल्लेख.

२. मुदत किती, रोजचे तास किती, सुट्टी कोणती.

३. विद्यावेतन किती, तें कोण देणार व कोणत्या तारखेस. सरकारचा वांटा असेल तर तो २०२३ पासून आधारशीं जोडलेल्या खात्यांत परस्पर जमा करण्याची पद्धत सुरू झाली आहे. म्हणून मुलाचें खातें आधारशीं जोडलेलें असावें.

४. काम करतांना इजा झाल्यास काय. कायद्याखालील उमेदवार हा कामगार नव्हे, शिकणारा होय, असें कायदा म्हणतो; तथापि कामावर असतां अपघातानें इजा झाल्यास त्याच्या नुकसानभरपाईची तरतूद कायद्यांत आहे.

५. मुदतीपूर्वीं सोडल्यास काय. करार मोडणाऱ्या पक्षावर भरपाईची जबाबदारी येऊं शकते. म्हणून दोन महिने करून पाहतों, अशा बेतानें या करारावर सही करूं नये.

६. शेवटीं कोणता दाखला मिळणार व तो कोण देणार.

मुदत संपल्यावर त्याच आस्थापनेनें नोकरी दिलीच पाहिजे, असें कायद्याचें बंधन नाहीं. हें पक्कें ध्यानांत ठेवून, वर्षाअखेर मुलाच्या हातांत कोणतें काम येईल, त्यावरच जागेची किंमत करावी.

पैशांचा हिशेब

विद्यावेतनाचा नुसता आंकडा फसवा असतो. समजा, शहरांत दरमहा ९,००० रुपये मिळतात. खोलीभाड्याचा वांटा ३,०००, खानावळ ३,५००, जाणें-येणें १,२०० आणि किरकोळ ८००, असे ८,५०० खर्च झाले. शिल्लक ५०० राहिली. आतां समजा, तालुक्याच्या गांवीं ६,००० मिळतात, डबा घरचा, एस. टी. ला १,५०० जातात. शिल्लक ४,५०० राहिली. महिन्याचा फरक ४,०००, म्हणजे वर्षाचा ४८,००० झाला, आणि तो कमी विद्यावेतनाच्या बाजूनें झाला. प्रत्येकानें आपल्या गांवचे भाव घालून हा हिशेब करावा.

परंतु शिल्लक हेंहि शेवटचें माप नव्हे. शहरांतील जागीं मुलगा यंत्र चालविण्यास व दुरुस्त करण्यास शिकणार असेल, आणि तालुक्याच्या जागीं वर्षभर लिफाफ्यांवर पत्ते लिहिणार असेल, तर शहरच पत्करावें. दोन्हीकडे शिक्षण सारखें असेल तेव्हां शिल्लक पाहावी. हा क्रम उलटा होऊं देऊं नये.

कागदपत्रें

हा भाग आमच्या नित्याच्या अनुभवाचा आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठीं पालक कचेरींत येतात ते बहुधा अर्जाच्या शेवटच्या दिवशीं. त्या दिवशीं यंत्रणा मंद असते, रांग मोठी असते, आणि एखादा कागद घरीं राहिलेला असतो. हातची जागा जाते, व दोष नशिबास दिला जातो. हा त्रास सहज टळण्याजोगा आहे.

पहिलें काम नांवाचें. आधार, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि बँकेचें पुस्तक या चारहि ठिकाणीं मुलाचें, वडिलांचें व आडनांव एकाच रीतीनें लिहिलेलें आहे कीं नाहीं तें आजच पाहावें. एका जागीं पांडुरंग, दुसऱ्या जागीं पांडूरंग, तिसऱ्या जागीं नुसतेंच पांडू, अशा नोंदी आम्हीं असंख्य पाहिल्या. आणि संगणक माणसाप्रमाणें समजून घेत नाहीं. दुरुस्ती करावयाची ती बारावीपूर्वींच करून घ्यावी.

दुसरें काम दाखल्यांचें. उत्पन्न, अधिवास, जात व लागू असल्यास उन्नत गटांत नसल्याचा दाखला, हे आपले सरकार सेवा केंद्रावरून मागतां येतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वयें अशा सेवांस मुदत ठरलेली आहे, आणि मुदतींत दाखला न मिळाल्यास अपील करतां येतें. अर्ज केल्याची पावती जपून ठेवावी. तिच्यावरील तारखेपासूनच मुदत मोजली जाते. उत्पन्नाचा दाखला ठराविक वर्षांपुरता असतो, म्हणून योजनेस कोणत्या वर्षाचें उत्पन्न लागतें तें वाचून मगच अर्ज करावा.

तिसरें काम अस्सल कागदांचें. गुणपत्रिका, पदवी व दाखले यांच्या अस्सल प्रती पडताळणीसाठीं दाखवाव्या आणि त्याच बैठकींत परत घ्याव्या. मागें ठेवावयाच्या त्या स्वसाक्षांकित नकलाच. अस्सल कागद अडकवून मुलास कामावर डांबून ठेवणाऱ्या जागा आढळतात. त्यांच्या वाटेस जाऊं नये.

मुलींविषयीं

मुलगी शिकली तरी तिला उमेदवारीस बाहेर पाठविण्यास पालकांचें मन घेत नाहीं. काळजी वाटणें साहजिक आहे. परंतु काळजीमुळें मुलीची वाट बंद करण्यापेक्षां जागा पारखून घ्यावी. कामाच्या ठिकाणीं स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा २०१३ सालीं झाला, आणि त्यांत शिकाऊ उमेदवार व प्रशिक्षणार्थी यांचाहि समावेश आहे. दहा किंवा अधिक माणसें कामास असलेल्या प्रत्येक जागीं अंतर्गत समिती असावी व तिची प्रमुख स्त्री असावी, असा नियम आहे. पालकांनीं जागा पाहण्यास गेल्यावर त्या समितीच्या सदस्यांचा फलक कोठें आहे, असें सरळ विचारावें. या प्रश्नानें जे रागावतील, तेथें मुलीस ठेवूं नये. जे शांतपणें फलक दाखवितील, तेथें निम्मी काळजी मिटली. राहण्याची जागा, परतण्याची वेळ व एस. टी. ची सोय हीं पाहिलीं म्हणजे उरलेलीहि बरीच मिटते.

फसवणूक

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं मुलाच्या उमेदवारीसाठीं शहरांतील एका खासगी संस्थेस ४०,००० रुपये भरले. तीन महिने मुलगा संगणकावर याद्या उतरून काढीत बसला. चौथ्या महिन्यांत रंगीत दाखला मिळाला, आणि वचन दिलेल्या नोकरीचें विचारतां "यादींत नांव आहे" इतकेंच उत्तर मिळूं लागलें. रकमेची पावती "प्रशिक्षण शुल्क" अशी होती. नोकरीचा उल्लेख कोठेंच नव्हता. हे पैसे कांदा विकून आलेले होते.

यावरून एक साधा नियम सांगतों. उमेदवारींत पैसा उमेदवाराकडे येतो, किंवा फार तर येत नाहीं. उमेदवाराकडून जात नाहीं. अनामत, नोंदणी, गणवेश, नोकरीची हमी, अशा कोणत्याहि नांवानें कोणी पैसे मागितले तर तेथेंच थांबावें. शिकवणीचे वर्ग हा निराळा विषय आहे; तेथें शुल्क असतें, पण त्यास उमेदवारी म्हणूं नये. सरकारी योजनेंत नांव लावून देतों असें म्हणणारा मध्यस्थ तर दारांतूनच परत पाठवावा, कारण तो अर्ज मुलाला स्वतः, किंवा सेवा केंद्रावर थोड्या शुल्कांत, करतां येतो. आणि नोकरीच्या बोलीवर जमीन गहाण टाकण्याचा विचार मनांत आला, तर तो कागद करण्यापूर्वीं गांवांतील दोन शहाण्या माणसांस व मुलाच्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांस दाखवावा.

आपल्या संस्थेनें काय करावें

एकेका पालकानें धडपड करण्यापेक्षां शेतकऱ्यांच्या संस्थेनें थोडें काम अंगावर घेतलें तर पुष्कळ साधेल. संस्थेच्या कचेरींत एक साधी वही ठेवावी. तिच्यांत तालुक्यांतील उमेदवार घेणाऱ्या जागांचीं नांवें, कामाचा प्रकार, मुदत, विद्यावेतन, आणि तेथें जाऊन आलेल्या मुलामुलींचा दोन ओळींचा अभिप्राय, असे रकाने असावे. दर वर्षीं दिवाळीनंतर एक बैठक भरवावी व अशा जाऊन आलेल्या मुलांस बोलतें करावें. त्यांचें सांगणें धाकट्या मुलांस आमच्या उपदेशापेक्षां अधिक पटेल. संस्थेच्या गोदामांत, विक्री केंद्रांत किंवा हिशेबांत दोन विद्यार्थ्यांस एक महिना काम देतां आल्यास उत्तमच; त्यांस शिकविण्यासाठीं मात्र एक माणूस नेमून द्यावा.

ज्यांच्याकडे यंदा कृषिदूत किंवा कृषिकन्या येतील, त्यांनीं त्यांस सहीपुरतें न ठेवतां एक तरी खरें काम द्यावें. दुसऱ्याच्या मुलास आपण नीट शिकविलें, तर आपल्या मुलास नीट शिकविणारा कोणी असावा असें म्हणण्याचा आपणांस अधिकार पोंचतो. सभासदांनीं आपापल्या भागांतील चांगल्या जागांचीं नांवें संस्थेच्या चिटणीसांकडे लेखी कळवावीं, म्हणजे वहीचें पहिलें पान लौकर भरेल, अशी विनंति करून हा लेख पुरा करतों.